फिरत्या लॅपटॉपमधील मागील माहिती पुसणे

शाळेचे जनरल रजिस्टर मुख्याध्यापक कपाटात कुलूपबंद ठेवतात. त्यात मुलाची जन्मतारीख, जात, पालकाचे नाव व शाळा सोडल्याचे कारण नोंदलेले असते. ते वाटेल त्याच्या हाती पडू नये, हे कोणत्याही शिक्षकास सांगावे लागत नाही. आज हीच माहिती, आधार क्रमांक, बँकेचे खाते व छायाचित्र यांसह, लॅपटॉपवरही येते. असा लॅपटॉप पाळीपाळीने अनेक शाळांत फिरत असेल, तर पुढील शाळेच्या हाती यंत्राबरोबर मागील शाळेचे रजिस्टरही पडते.

सोलापूर जिल्ह्यास नवी साधने अपरिचित नाहीत. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली व २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. लहान गावातील शाळाही साधनाचा उत्तम उपयोग करू शकते, हे यावरून दिसून आले. साधन वापरण्याचे कौशल्य जसे अंगी यावे, तसेच ते दुसऱ्याच्या हाती देण्याचे योग्य वळणही लागावे.

प्रथम, ‘डिलीट’ म्हणजे काय हे समजून घेणे अवश्य आहे. डिलीट केलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. तेथूनही काढली, तरी बहुधा तिची अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी नाहीशी होते. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचे पान फाडले म्हणून आतील धडे जात नाहीत. शोधणाऱ्यास ते सापडतात. काही नव्या यंत्रांत पुसलेली माहिती लवकर नष्ट होते. तथापि त्यावर विसंबणे योग्य नव्हे. अमेरिकेतील दोन संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा लेख २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचता आलेल्या १२९ डिस्कांपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. पूर्वीच्या मालकांपैकी अनेकांची समजूत मात्र आपण सर्व पुसले अशीच असावी.

लॅपटॉप परत करताना पुढील क्रम पाळावा.

१. निकालपत्रके, याद्या इत्यादी आवश्यक फाइली शाळेच्या स्वतःच्या साधनावर उतरवून घ्याव्यात व त्या उघडतात याची खात्री करावी. एकमेव प्रत पुसली गेल्यास नुकसान शाळेचेच होते.

२. ई-मेल, शालार्थ, यु-डायस प्लस यांतून लॉगआउट व्हावे. व्हॉट्सॲप लॅपटॉपवर जोडले असल्यास मोबाईलमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या ठिकाणी जाऊन ते तोडावे. अन्यथा पालकांचे संदेश पुढील व्यक्तीस दिसत राहतात.

३. ब्राउझरमध्ये स्वतःच्या खात्याचे सिंक चालू असल्यास आधी ते बंद करावे. तसे न केल्यास येथे पुसलेले पासवर्ड स्वतःच्या मोबाईलमधूनही जाऊ शकतात. नंतर कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबून इतिहास, कुकीज व साठविलेले पासवर्ड सर्व काळाचे पुसावेत.

४. डाउनलोड्स, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व चित्रांचे फोल्डर पाहावेत. ब्राउझरच्या ‘गेस्ट’ खिडकीत काम केले तरी उतरविलेल्या फाइली मागे राहतातच. शेवटी रिसायकल बिन रिकामी करावी.

५. यंत्र सांभाळणाऱ्याने प्रत्येक वापरणाऱ्यास स्वतंत्र खाते द्यावे व परतीनंतर ते त्यातील माहितीसह काढून टाकावे. विंडोजमधील ‘रीसेट’ करताना ‘सर्व काढून टाका’ हा पर्याय निवडून डिस्क साफ करण्याची सोयही चालू करावी. या कामास काही तास लागतात. वीज जाण्याचा संभव लक्षात घेऊन ते हाती घ्यावे.

निर्लेखित लॅपटॉप विकण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून नष्ट करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. पुसण्याचे काम कोणी व कोणत्या दिवशी केले, याची नोंद देवघेवीच्या वहीत करावी. नोंद नसली की प्रत्येकास ते दुसऱ्याने केले असावे असे वाटते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस बालक मानले आहे, आणि हेतू संपल्यावर माहिती पुसावी हे तत्त्व मांडले आहे. शिक्षकास मात्र त्याहून जवळचे कारण आहे. एखाद्या मुलाची जात, अपंगत्व वा घरची अडचण शेजारच्या गावात चर्चेचा विषय झाली, तर ती परत झाकता येत नाही. ती माहिती मुलाने हौसेने सांगितलेली नसते. शाळेने विचारली म्हणून पालकांनी विश्वासाने दिलेली असते.

वरच्या वर्गांतील मुलांना हा विषय शिकविणे सोपे आहे. जुन्या वहीतील अनुक्रमणिका काढून ती मुलांच्या हाती द्यावी व एखादा धडा शोधावयास सांगावे. धडा सापडताच ‘डिलीट’चा अर्थ त्यांना आपोआप कळेल. त्यानंतर लॅपटॉप परत करण्याचा क्रम मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्यावा.