टंचाईच्या काळीं शहरास विहिरींचें पाणी

लातूर शहराचें पिण्याचें पाणी त्याच्या स्वतःच्या भूमींतलें नव्हे. तें मांजरा नदीवर बीड जिल्ह्यांत धनेगाव येथें बांधलेल्या धरणांतून नळानें आणावें लागतें. अशा परावलंबी शहरावर धरण आटल्यास कोणता प्रसंग गुदरतो, हें २०१६ च्या उन्हाळ्यांत सर्व देशानें पाहिलें. २०१४ व २०१५ या दोन्ही वर्षीं पावसानें दगा दिला होता. धरण कोरडें पडलें. आणि मार्च महिन्यांत पाणी भरण्याच्या जागीं दंगा होऊं नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. दहा वाघिणी, पांच लाख लिटर पाणी, आणि प्रवास सुमारें ३४० किलोमीटरांचा! पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली व एका खेपेस २५ लाख लिटर पाणी मिळूं लागलें.

या उपायास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तहानेच्या वेळीं कोठलेंहि पाणी गोडच लागावयाचें. परंतु हिशेब पाहावा. २०११ च्या शिरगणतींत लातूरची वस्ती सुमारें ३ लाख ८२ हजार भरली. म्हणजे मोठ्या गाडीच्या एका खेपेचें पाणी माणशीं साडेसहा लिटर पडलें. टंचाईंत टँकरनें पाणी द्यावयाचें तर माणशीं रोज २० लिटर धरण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या मापानें शहरास रोज सुमारें ७६ लाख लिटर हवें. आतां दुसरा हिशेब. सेकंदास पांच लिटर पाणी फेंकणारा पंप तीन तास चालला तर ५४ हजार लिटर उपसतो, म्हणजे एक वाघीण भरून वर थोडें उरतें. सांगलीकडून एक वाघीण आणण्याचे श्रम आणि शेजारच्या गांवची एक विहीर तीन तास चालविण्याचे श्रम यांची तुलना वाचकांनींच करावी.

यावर कोणी म्हणेल कीं, त्या वर्षीं विहिरी तरी कोठें भरल्या होत्या? आक्षेप खरा आहे, आणि या लेखाचें कारणहि तेंच आहे. विहिरीचें पाणी एप्रिलमध्यें शोधावयाचें नसतें. तें कार्तिकांत मोजून राखावयाचें असतें.

मोजण्याची रीत सोपी आहे. संध्याकाळीं विहीर उपसून पाण्याच्या पातळीची खूण करावी, बारा तास पंप बंद ठेवावा, आणि पाणी किती चढलें तें सकाळीं पाहावें. विहिरीचा व्यास सहा मीटर असेल व पाणी एक मीटर चढलें असेल, तर तिच्यांत २८ हजार लिटर नवें पाणी आलें असें समजावें. माणशीं २० लिटरप्रमाणें तें १,४०० माणसांस पुरेल. मात्र विहीर तळाशीं असतांना झरा जोरानें येतो व भरूं लागली कीं मंदावतो. म्हणून बारा तासांचा आंकडा दुप्पट करून चोवीस तासांचा समजूं नये. ही मोजणी एकदां करूनहि भागत नाहीं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षांतून चार वेळां पाहते; शेतकऱ्यानें निदान कार्तिकांत, माघांत व चैत्रांत आपली विहीर पाहून आंकडे वहींत टिपावे. चैत्राचा आंकडाच अखेर खरा. कार्तिकांत सर्वच विहिरी श्रीमंत असतात.

आतां अवघड भाग. आपला खडक काळा पाषाण. त्यांत पाणी सांठतें तें मुरमाच्या थरांत, सांध्यांत व भेगांत. आणि त्याचें प्रमाण थोडें. एका शेतकऱ्यानें मन मारून आपली विहीर राखली आणि बांधापलीकडच्यानें खोल विंधन विहीर घेऊन उंसास पाणी चालू ठेवलें, तर राखलेलें पाणी राखणाराच्या हातीं लागत नाहीं. भूजलाच्या २००९ च्या कायद्यांत ६० मीटरांपलीकडची विहीर खोल विहीर गणली आहे व अधिसूचित क्षेत्रांत अशा विहिरींस मनाई आहे. पण कागदावरील मनाईनें झरा थांबत नाहीं. म्हणून राखण एकेका विहिरीची न ठरवितां एका ओढ्याच्या कांठच्या सर्व विहिरींची मिळून ठरवावी, आणि मोबदलाहि सर्वांस मिळावा.

वाहतुकीचाहि विचार आधींच हवा. दहा हजार लिटरांचा टँकर वर सांगितलेल्या पंपानें भरण्यास सुमारें ३३ मिनिटें लागतात. म्हणजे तासास दोनहि टँकर पुरते निघत नाहींत. वाट चिखलाची, वीज रात्रीची व टँकर दिवसाचा, असें झाल्यास विहिरींत पाणी असूनहि शहर उपाशी राहतें. मिरजेच्या गाडीचें पाणी लातूर स्थानकाजवळच्या एका मोठ्या विहिरींत उतरवून घेतलें होतें. तशी मधली सांठवण येथेंहि ठेवावी. पाणी तपासून घ्यावें, व शुद्धीसाठीं हजार लिटरांस सुमारें अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर घालून अर्धा तास थांबावें. गढूळ पाण्यास ती अधिक लागते.

राहिला मोबदला. सध्यां खाजगी विहिरीचें अधिग्रहण टंचाई उभी राहिल्यावर होतें व त्याचा आकार दिवसाच्या हिशेबानें मिळतो. ज्या दिवशीं सरकारी टँकर विहिरीवर आला त्या दिवसाचेंच हें मोल होय. त्या पाण्यासाठीं शेतकऱ्यानें पौष-माघांत गव्हाची जी पाळी सोडली, किंवा उन्हाळी भुईमूग जो पेरलाच नाहीं, त्याची गणना कोठेंच होत नाहीं. आमच्या मतें टंचाई आराखड्याची पहिली तिमाही ऑक्टोबरांत सुरू होते तेव्हांच शहराच्या नगरसंस्थेनें ओढ्याकांठच्या शेतकऱ्यांशीं लेखी करार करावा, सोडलेल्या पिकाची किंमत त्यांत धरावी, आणि पाऊस चांगला होऊन पाणी घ्यावें लागलें नाहीं तरी निम्मी रक्कम द्यावी. करार रब्बीचें बीं घरांतून निघण्यापूर्वीं झाला पाहिजे. माघांत शेतांत पीक उभें असतें, आणि उभ्या पिकाचें पाणी तोडण्यास आमच्यापैकीं कोणीहि खुशीनें सही करणार नाहीं.