अलिंदांचे कार्यवैगुण्य व त्याचे चिकित्सेतील महत्त्व

शिर व बस्ती यांसह हृदयाची गणना त्रिमर्मांत होते. तथापि हृद्रोगाचा विचार करताना आपले लक्ष प्रायः निलयांवर, म्हणजे खालच्या कप्प्यांवरच केंद्रित होते. वरचे कप्पे, अर्थात अलिंद, उपेक्षित राहतात. येथे डाव्या अलिंदाचा विचार करू.

प्राकृत कार्य : फुप्फुसांतून आलेले रक्त अलिंद साठवतो, झडप उघडताच ते निलयात जाऊ देतो आणि अखेरीस आकुंचन पावून उरलेले पुढे ढकलतो. निलयात भरणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या आकुंचनाने येतो.

विकृती : उच्च रक्तदाब, वार्धक्य व झडपांचे विकार यांमुळे अलिंद विस्तारतो. आकुंचनाऐवजी केवळ स्फुरण होऊ लागते. रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९७८ च्या अहवालानुसार अलिंदस्फुरणात हा धोका पाचपटींहून अधिक, तर संधिवातज्वरजन्य झडपविकार सोबत असल्यास सतरापटींहून अधिक आढळला.

परीक्षण : थांबून थांबून चालणारी नाडी शार्ङ्गधरांनी अरिष्टसूचक मानली आहे. अलिंदस्फुरणात नाडीच्या गतीला व बलाला कोणताच क्रम नसतो. पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. त्याच वेळी सहकाऱ्याने स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके मोजावेत. ठोक्यांहून नाडी कमी भरल्यास शंका बळावते. निश्चिती मात्र ई.सी.जी.नेच होते. हा विकार मधूनमधूनही उद्भवत असल्याने एक ई.सी.जी. प्राकृत आला म्हणून निश्चिंत राहू नये.

कळंब व भोवतालच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत रुग्णाची पहिली नाडी बहुधा आपणच पाहतो. घसादुखीनंतर मुलाचे सांधे एकामागून एक सुजल्यास केवळ आमवात समजून थांबू नये. संधिवातज्वराची तपासणी करवावी. तरुण स्त्रीस, विशेषतः गर्भिणीस, दम लागत असल्यास झडपविकार आठवावा. अशा रुग्णांस विनाविलंब कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे, हात लुळा पडणे ही लक्षणे अकस्मात दिसल्यास घरी उपचार करू नयेत. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यापूर्वी मेंदूचा सी.टी. स्कॅन आवश्यक असतो.

औषधालयचालकांसाठी :
१. वॉरफॅरिन घेणाऱ्यास लसूण, गुग्गुळ वा हळद यांचे सांद्र कल्प देण्यापूर्वी त्याच्या चिकित्सकास विचारावे, रक्तस्राव संभवतो.
२. डिगॉक्सिन घेणाऱ्यास ज्येष्ठमध दीर्घकाळ देऊ नये. पोटॅशियम घटून डिगॉक्सिनची विषबाधा होऊ शकते.
३. गुग्गुळाच्या कल्पाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे.
४. अर्जुन हृद्य खरा, परंतु तो गुठळीरोधक औषधाचा पर्याय नव्हे. चालू औषध परस्पर बंद करवू नये.

नाडीपरीक्षा हा आपल्या शास्त्राचा वारसा आहे. क्रमहीन नाडी वेळीच ओळखून रुग्णास योग्य स्थळी धाडल्यास एखादा पक्षाघात टळू शकतो. साठीपुढील प्रत्येक रुग्णाची नाडी, तक्रार कोणतीही असो, पूर्ण मिनिटभर पाहण्याचा नेम आपण सर्वांनी ठेवावा, ही विनंती.