मीन्य यांचे पितृग्रंथसंग्रह : उपलब्धता आणि प्रामाण्य

प्राचीन ख्रिस्ती वाङ्मयावरील संशोधनलेखांच्या तळटीपांत 'पी. एल. ३२, ६५९' यांसारखे संकेत वारंवार आढळतात. पहिला अंक खंडाचा, दुसरा स्तंभाचा. येथे निर्देश आहे तो संत ऑगस्टीन यांच्या आत्मनिवेदनाच्या प्रारंभाचा आणि 'पी. एल.' म्हणजे 'पात्रोलोजिया लातिना'. ऑगस्टीन इ. स. ४३० मध्ये निवर्तले. त्यांचे वचन मात्र एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच धर्मगुरूच्या छापखान्यातील स्तंभांकाने ओळखले जाते. एखादा संग्रह संदर्भाचे माप ठरला, म्हणजे त्यातील संहिता प्रमाण ठरते काय, हा प्रश्न या प्रथेतून उपस्थित होतो.

झाक-पॉल मीन्य यांचा जन्म १८०० साली फ्रान्समधील सँ-फ्लूर येथे झाला. ओर्लेआँ येथे ईश्वरविद्येचे अध्ययन करून १८२४ मध्ये त्यांनी पौरोहित्याची दीक्षा घेतली. एका पुस्तिकेवरून बिशपांशी मतभेद झाल्यावर १८३३ मध्ये ते पॅरिसला आले. तेथे त्यांनी प्रथम धार्मिक वृत्तपत्र चालविले. पुढे १८३६ मध्ये शहरालगतच्या पती-माँरूझ येथे स्वतःचे मुद्रणालय उभारले. सामान्य धर्मगुरूला परवडेल अशा किमतीत संपूर्ण धर्मवाङ्मय पुरवावे, हा त्यांचा संकल्प होता.

लॅटिन संग्रहाच्या संहितेचे २१७ खंड १८४४ ते १८५५ या काळात निघाले. तेर्तुलियन यांच्यापासून १२१६ मध्ये निधन पावलेल्या पोप तिसरे इनोसंट यांच्यापर्यंतचे लेखन त्यांत येते. पुढे १८६२ ते १८६५ मध्ये सूचींचे चार खंड निघाले. ग्रीक संग्रहाचे, मूळ संहिता आणि लॅटिन भाषांतर समोरासमोर देणारे, १६१ खंड १८५७ ते १८६६ या अवधीत सिद्ध झाले. लॅटिन संग्रहाच्या प्रदीर्घ शीर्षकातच तो सार्वत्रिक, संपूर्ण, एकरूप, सोयीचा आणि स्वस्त असल्याचे घोषित केले आहे. ही पाचही विशेषणे उपलब्धतेची आहेत. पाठशुद्धीचे त्यांत एकही नाही, हे लक्षणीय आहे.

मीन्य यांची कार्यपद्धती या विशेषणांशी सुसंगतच होती. हस्तलिखिते मिळवून पाठभेद ताडून पाहण्याचा खटाटोप त्यांनी सहसा केला नाही. उपलब्ध मुद्रित आवृत्तींपैकी चांगली निवडून ती नव्याने जुळवावी, हीच त्यांची रीत. निवडीच्या कामी सोलेम येथील बेनेडिक्टाइन मठवासी झाँ-बातिस्त पित्रा यांचे मोलाचे साहाय्य झाले. परिणामी संग्रहाची गुणवत्ता खंडागणिक बदलते. ऑगस्टीन यांच्या ग्रंथांसाठी सँ-मोर परंपरेच्या बेनेडिक्टाइन विद्वानांनी १६७९ ते १७०० या काळात सिद्ध केलेली आवृत्ती आधाराला होती. प्रत्येक ग्रंथकाराच्या वाट्याला असे संपादक आले नव्हते.

कर्तृत्वनिश्चितीच्या संदर्भात ही मर्यादा विशेष जाणवते. लॅटिन संग्रहाच्या ३९व्या खंडात ऑगस्टीन यांच्या नावावर चालत आलेली, परंतु जुन्या संपादकांनीच परिशिष्टात वेगळी काढलेली अनेक प्रवचने आहेत. त्यांतील पुष्कळशी सहाव्या शतकातील आर्लचे बिशप सिझेरियस यांची आहेत. जेर्मँ मोरँ यांनी दीर्घ परिश्रमांनंतर १९३७ मध्ये सिझेरियस यांच्या प्रवचनांची आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा या लेखकाचे स्वरूप प्रथमच सलगपणे समोर आले. परिशिष्टाकडे दुर्लक्ष करून केवळ खंड आणि स्तंभ उद्धृत करणारा अभ्यासक एका लेखकाची शैली दुसऱ्याच्या नावे विवेचितो; त्याचा निष्कर्षच त्यामुळे निराधार ठरतो.

स्तंभांकांचे स्थैर्यही निरपवाद नाही. फेब्रुवारी १८६८ मध्ये लागलेल्या आगीत मुद्रणालय आणि मुद्रणाचे साचे नष्ट झाले. पुढे चर्चच्या अधिकाऱ्यांनी मीन्य यांच्या व्यवसायाला मनाई केली आणि त्यांचे पौरोहित्याचे अधिकारही स्थगित केले. १८७५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर गार्निए या प्रकाशनसंस्थेने काढलेली पुनर्मुद्रणे नव्याने जुळवलेली होती. त्यांत नवे मुद्रणदोष शिरले आणि काही ठिकाणी स्तंभांकही बदलले. म्हणून कोणते मुद्रण हाताशी आहे, याची नोंदही आवश्यक ठरते.

याचा अर्थ हा संग्रह त्याज्य आहे असा नव्हे. पीटर अबेलार्ड (खंड १७८) आणि बिंगेनच्या हिल्डेगार्ड (खंड १९७) यांच्यासारख्या मध्ययुगीन ग्रंथकारांचे विखुरलेले लेखन त्यामुळे वाचकांच्या आवाक्यात आले. पाठचिकित्सेचे कार्य व्हिएन्ना येथे १८६४ मध्ये आरंभलेल्या लॅटिन ग्रंथमालेने, बर्लिनच्या ग्रीक ग्रंथमालेने आणि विसाव्या शतकात 'कॉर्पुस क्रिस्तियानोरुम'ने पुढे नेले. तरीही ज्या ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती नाही, त्यांच्यासाठी अभ्यासकाला मीन्य यांच्याकडेच वळावे लागते.

संग्राहक आणि संपादक या दोन भूमिकांतील भेद मीन्य यांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. संग्राहक ग्रंथ हाती देतो; त्या ग्रंथातील शब्द लेखकाचाच आहे, याची ग्वाही संपादक देतो. मीन्य यांनी पहिले कार्य अपूर्व प्रमाणावर केले आणि दुसरे सहसा केले नाही. तरी ते त्यांच्या नावे मांडले ते स्तंभांकालाच प्रमाण मानणाऱ्या वाचकांनी. संग्रहातील अवतरण घेताना त्यामागील मूळ आवृत्ती कोणती, ती कोणी व केव्हा सिद्ध केली आणि नंतर कर्तृत्वाविषयी काय निष्पन्न झाले, हे तपासणे म्हणूनच अभ्यासाचा पहिला टप्पा ठरतो.