विमान सकाळी, खोली दुपारी

प्रश्न : डिसेंबरात आईबाबा रात्रीच्या विमानाने निघून सकाळी सातला लंडनला उतरतील. हॉटेलची खोली दुपारी तीनला. तोवर काय करावे?

उत्तर : हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते. तिथे सात वाजले, तरी आईबाबांच्या पोटात जेवणाची वेळ झालेली असते!

सामान बहुतेक हॉटेले सकाळीच ठेवून घेतात. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट शहरात नेते. नंतर हाइड पार्कात फिरावे, कारण शरीराचे घड्याळ उजेडावर लागते आणि डिसेंबरात सूर्य चारच्या आतच मावळतो. दुपारची डुलकी वीसेक मिनिटांचीच. लांबली, तर पहाटे तीनला डोळे टक्क उघडे.

मधुमेहाची औषधे असतील, तर बदललेल्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.