सूर्य मावळत नाही, मग पक्षी झोपतात कधी?

प्रश्न : आर्क्टिकमध्ये उन्हाळ्यात रात्रच होत नाही. मग तिथे घरटी करणारे पक्षी झोपतात तरी कधी? आणि हे कळलं कसं?

उत्तर : अंडी कोणाच्या गळ्यात पडली आहेत, त्यावर ते ठरतं. अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उट्क्वियाग्विक (पूर्वीचं बॅरो) गावात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. आपल्या खाड्यांवर हिवाळ्यात येणाऱ्या टिलव्यांच्या गोतावळ्यातला पेक्टोरल सँडपायपर तिथे वीण करतो. नर अंडी उबवत नाही, पिल्लांकडेही फिरकत नाही. माद्यांची मनधरणी आणि इतर नरांशी झटापट, यातच त्याचा हंगाम सरतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी या नरांच्या मेंदूतल्या लहरी नोंदवल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक नर तब्बल १९ दिवस ९५ टक्क्यांहून अधिक वेळ जागा होता! आणि जे सर्वांत कमी झोपले, त्यांनाच सर्वाधिक पिल्लं झाली.

मादीला हे परवडत नाही. अंडी चार आणि उबवणारी ती एकटी. मध्यरात्री सूर्य दिसत असला तरी खाली कललेला असतो, जमीन गारठते. तेव्हा उठली तर अंडी झपाट्याने थंड पडतील. म्हणून त्या वेळी ती बसून राहते आणि ऊब वाढली की किडे टिपायला बाहेर पडते. तिचा दिवस त्यामुळे २४ तासांचाच राहतो. सेमिपाल्मेटेड सँडपायपरची जोडी मात्र पाळीपाळीने बसते, आणि त्यांच्या पाळ्या घड्याळाला जुमानत नाहीत. एकाच माळरानावर, एकाच उजेडात इतकी वेगवेगळी वेळापत्रकं! मला तरी याहून विलक्षण काही ठाऊक नाही.

मुळात घरटं सापडणंच कठीण. गवतातला जेमतेम मूठभर खळगा तो. दोघं जण लांब दोर धरून टुंड्रावरून ओढत नेतात. दोर डोक्यावरून गेला की पक्षी उडतो आणि जागा कळते. मग अंडं पाण्यात सोडायचं. ताजं तळाशी आडवं पडतं. जसजसं उबतं तसतशी आतली हवा वाढते, ते उभं राहतं आणि शेवटी तरंगतं. त्यावरून पिल्लू कधी बाहेर येईल याचा अंदाज बांधतात. घरट्यात तापमान नोंदवणारं बारीक यंत्र ठेवलं, की पारा घसरला म्हणजे आई उठली, हे दूर बसून समजतं. हे सगळं मात्र झटपट उरकावं लागतं, कारण पक्षी घरट्याबाहेर आहे तोवर अंडी गारठत असतात आणि आर्क्टिक कोल्हा जवळपास असू शकतो.