रात्रीच्या कामाची रुजवात

जुन्या युनिक्स यंत्रांवरील न्यूज सर्व्हर सांभाळण्यात माझ्या नोकरीचा पुष्कळ काळ गेला; आणि आता सहस्रकुंडाजवळच्या इस्लापुरात स्थायिक झाल्यावरही नांदेड-किनवटकडची तरुण मंडळी एखाद्या वृद्ध यंत्राची तक्रार घेऊन येतात, तेव्हा यंत्राला हात लावण्यापूर्वी मी त्यांना पुढील हकिकत ऐकवतो.

अशा सर्व्हरांवरून चालणाऱ्या युजनेट या चर्चागटांच्या जाळ्याची कल्पना 1979 साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांना सुचली आणि तिचे पहिले रूप स्टीव्ह बेलोव्हिन यांनी शेल स्क्रिप्टमध्येच लिहिले. पुढे सी भाषेतले प्रोग्रॅम आले, रिच साल्झ यांचे आयएनएन हे न्यूज सर्व्हरचे सॉफ्टवेअर आले. परंतु रात्रीची झाडलोट, जुने लेख काढून टाकणे, लॉगची आवराआवर ही कामे शेल स्क्रिप्टकडेच राहिली, आणि माझ्या अनुभवात बहुतेक दुखणी तेथेच उद्भवली.

एका संस्थेतील सोलारिस यंत्रावर एके सकाळी नवे लेख येणे थांबले. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा गट नित्यनेमाने वाचणाऱ्यांनी प्रथम ओरड केली. लॉगमध्ये डिस्कवर जागा नसल्याची नोंद होती. "साहेब, डिस्क तर अर्धी मोकळी दिसते, मग जागा नाही म्हणजे काय?" असे विचारीत तेथील ऑपरेटर जुन्या लेखांवर फाइली पुसणारा ‘आरएम’ चालवण्याच्या बेतात होता, त्याला मी थांबवले. शिवारात जमीन पडीक असूनही तलाठ्याच्या नोंदवहीतील कोरी पाने संपली तर नवा खातेदार जसा नोंदवता येत नाही, तसेच येथे घडले होते: प्रत्येक लेख म्हणजे एक स्वतंत्र फाइल, प्रत्येक फाइलीस एक आयनोड, आणि लहान लहान लेखांनी आयनोड संपवले होते. नुसता जागेचा हिशेब देणारे ‘डीएफ -के’ हे दाखवत नाही. लिनक्सवर ‘डीएफ -आय’, तर सोलारिसच्या यूएफएसवर ‘डीएफ -एफ यूएफएस -ओ आय’ विचारावे.

आयनोड का संपले, हा खरा प्रश्न होता. जुने लेख काढणारी स्थानिक स्क्रिप्ट ऑपरेटरने माझ्यादेखत हाताने चालवली, ती निमूटपणे चालली. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमधून मात्र ती कित्येक रात्री पहिल्याच ओळींत मरत होती. तिच्या शिरोभागी कोणत्या शेलने ती वाचावी याचा निर्देश नव्हता. ऑपरेटर बॅशमध्ये बसलेला असल्याने बॅशने ती समजून घेतली. क्रॉनने ती सोलारिसच्या मूळ बोर्न शेलकडे सोपवली, आणि डॉलरचिन्हापुढे कंस घालून ‘डेट’ मागवण्याची नवी रीत त्या शेलास ठाऊकच नव्हती. उलटी अवतरणचिन्हे घालताच काम सुरळीत झाले. क्रॉनने आपले कर्तव्य चोख बजावले होते: प्रत्येक अपयशाची कैफियत ‘न्यूज’ या वापरकर्त्याच्या टपालात पडलेली होती, आणि ते टपाल कोणी उघडतच नव्हते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, स्क्रिप्ट कोणाच्या नावाने, कोणत्या शेलात आणि कोणत्या पाथसह चालते याची रुजवात घेतल्याखेरीज एकही फाइल पुसू नये. तपासणी ‘न्यूज’ याच नावाने करावी. रूट होऊन जुने लेख काढणारा एक्स्पायर चालवल्यास आलेल्या लेखांची नोंद ठेवणारी हिस्टरी फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते व सर्व्हरला तीत लिहिता येत नाही. हाताने पुसलेला लेख शेजारच्या सर्व्हरने पुन्हा देऊ केला तरी त्याचा मेसेज-आयडी हिस्टरीत असल्यामुळे तो नाकारला जातो, ही हानी तर सहज भरून येणारी नाही. क्रॉनची दरिद्री परिस्थिती निर्माण करण्यासाठी ‘एन्व्ह -आय’ लावून स्क्रिप्ट ‘एसएच’कडे द्यावी, दोष बहुधा तेथेच प्रकट होतो. आणि एलियसेस फाइलीत ‘न्यूज’चे टपाल एखाद्या हजर, जबाबदार माणसाकडे वळवून लगेच ‘न्यूएलियसेस’ चालवावे. ते राहिले तर सेंडमेल जुन्याच नोंदीप्रमाणे टपाल टाकीत राहतो.