कादंबरींतील बालनायक

कादंबरी वाचतांना आपण सहज म्हणतों कीं, अमुक मुलगा हा तिचा नायक. परंतु ज्याच्याभोंवतीं कथा फिरते तो प्रत्येक मुलगा या पदवीस पात्र असतो काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथें एका प्रसिद्ध ग्रंथाच्या आधारें करणार आहों.

मार्क ट्वेन या अमेरिकन ग्रंथकाराची हकलबरी फिन याच्या साहसांची कादंबरी १८८४ च्या डिसेंबरांत इंग्लंडांत व १८८५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. तींतील काळ त्याहून चाळीस-पन्नास वर्षें मागचा. मिसूरी राज्यांत तेव्हां गुलामगिरी कायदेशीर होती. हक हा तेरा-चौदा वर्षांचा, मद्यपी बापाच्या जाचांतून पळालेला मुलगा. आपल्याला विकणार या भीतीनें मिस वॉटसन या बाईचा जिम नांवाचा गुलामही पळतो, आणि दोघे तराफ्यावरून मिसिसिपी नदीनें प्रवास करूं लागतात.

हकमध्यें वीराचीं लक्षणें दिसत नाहींत. तो खोटें बोलतो, शाळेला कंटाळतो. पण आपल्या थट्टेनें जिमचें मन दुखावलें हें कळतांच तो पाव तास स्वतःशीं झगडतो व अखेर त्याची क्षमा मागतो. गोऱ्या मुलानें गुलामापुढें नमावें, ही त्या समाजांत लहान गोष्ट नव्हती.

खरी कसोटी पुढें येते. लबाड सोबत्यांपैकीं एकजण जिमला ४० डॉलरांस परक्यांच्या हवालीं करतो. दुसऱ्याच्या गुलामास पळण्यास साह्य करणें ही चोरी व पाप होय, अशीच शिकवण हकला मिळालेली असते. म्हणून तो मिस वॉटसनला सर्व कळविणारें पत्र लिहितो, आणि त्याचें मन हलकें होतें. मग त्याला जिमची माया आठवते. आपणांस आतां नरकच मिळणार, असें खरोखर मानूनही तो तें पत्र फाडून टाकतो. त्या वेळीं शाबासकी देण्यास जवळ कोणीही नसतें.

याच्याशेजारीं त्याचा मित्र टॉम सॉयर उभा करून पाहावा. जिमला सोडविण्यासाठीं टॉम पुस्तकी युक्त्या लढवितो, पायाला गोळी लागली तरी आनंद मानतो. पण मिस वॉटसनने मृत्युपत्रानें जिमला आधींच मुक्त केलें आहे, हें त्याला ठाऊक असतें. त्याचें धाडस हा खेळ ठरतो, आणि त्या खेळाचे हाल जिमला भोगावे लागतात. हकला मात्र यांतलें कांहींच ठाऊक नसतें.

यावरून आम्हांस वाटतें कीं, धाडस म्हणजे नायकत्व नव्हे. दुसऱ्याच्या हितासाठीं, स्वतःस काय भोगावें लागेल हें जाणून, जो निश्चय करतो तो नायक.

अशा पुस्तकानें मुलें आज्ञाभंग शिकतील, अशी शंका कोणा पालकांस येईल. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, हकनें नियम मोडला तो स्वतःच्या सुखासाठीं नव्हे, हें मुलांस दाखवून द्यावें. आणि विद्यार्थी मित्रहो, वर्गांत ज्याची सर्व चेष्टा करतात अशा मुलाशेजारीं बसण्याचा प्रसंग तुम्हांसही येईल. त्या वेळीं टॉम व्हावें कीं हक, हें तुमचें तुम्हांसच ठरवावें लागेल.